घाबरलेल्याला दोष देऊ नका

प्रश्न : गणवेशातील तोतया पोलिसाने व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगून माझ्या सेवानिवृत्त वडिलांकडून पैसे उकळले. एवढे शिकलेले असून फसले कसे, असे नातेवाईक विचारतात. काय सांगावे?

उत्तर : भारतीय कायद्यात डिजिटल अटक नावाचा प्रकारच नाही, पण कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरच्यांना कळवू नका, असे तासन्‌तास बजावले जाते, तेव्हा शिकलेल्या माणसाचीही कोणाचा सल्ला घेण्याची वाट बंद होते आणि गुन्हेगाराला नेमके तेच हवे असते. अजून तक्रार केली नसेल, तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्यापूर्वी गोठवता येऊ शकतात. नातेवाइकांचे बोलणे मात्र मला फार खटकते. अशा टोमण्यांच्या धास्तीने ज्येष्ठ माणसे तक्रार करायलाही कचरतात.