रक्तवाहिनीच्या भिंतीतली वीज

प्रश्न : ईसीजीत हृदयाची वीज दिसते. रक्तवाहिन्यांतल्या स्नायूंनाही वीज असते का? आईची बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी ५ मिलिग्रॅमवरून १० केल्यापासून संध्याकाळी घोटे सुजतात. याचा त्या विजेशी काही संबंध आहे का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आहे, आणि थेट आहे. बारीक धमनीच्या भिंतीतल्या अरेखित (आपल्या इच्छेच्या ताब्यात नसलेल्या) स्नायूपेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने साधारण उणे ४० ते उणे ५५ मिलिव्होल्टवर असतो. हे मोजायला एका मायक्रॉनहूनही बारीक टोकाची, पोटॅशियम क्लोराइड भरलेली काचेची नळी पेशीत खुपसतात. काटा एकदम खाली गेला, तिथेच टिकला आणि नळी काढताच शून्यावर आला, तरच नोंद खरी धरायची. टोकाभोवती गळती झाली, तर आकडा खोटाच कमी दिसतो.

पेशीतून पोटॅशियम बाहेर झिरपतो म्हणून आतली बाजू ऋण राहते. रक्ताच्या दाबाने भिंत ताणली की हे ऋणत्व घटते, कॅल्शियमच्या एल-प्रकारच्या वाहिन्या (पेशीच्या आवरणातली कॅल्शियम आत येण्याची दारे) जास्त उघडतात आणि स्नायू आवळतो. बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असतो, त्यामुळे दोन-चार मिलिव्होल्टच्या फरकानेही धमनीची रुंदी बदलते. दाब वाढल्यावर धमनी स्वतःच आवळते, हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेलिस यांनी १९०२ मध्येच मांडले होते.

अ‍ॅम्लोडिपिन याच कॅल्शियमच्या वाहिन्या अडवते. ऋणत्व कमी असलेल्या पेशीत ती जास्त घट्ट बसते आणि धमनीच्या पेशीचे ऋणत्व हृदयाच्या पेशीपेक्षा कमी असते, म्हणून हृदयापेक्षा धमन्यांवर तिचा जोर अधिक. मात्र बारीक धमन्या सैलावतात तेवढ्या शिरा सैलावत नाहीत. मग केशवाहिन्यांत दाब चढतो आणि पाणी पायात झिरपते. अंगठ्याने घोट्यावर दाबून धरा, खळगा राहील. सोलापूरच्या मे महिन्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या उन्हानेही सैलावलेल्या असतात, त्यात भर पडते.

ही सूज मुख्यतः मिठापाण्याच्या साठ्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारशी उतरत नाही. डोस कमी करणे किंवा टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्याच दुसऱ्या औषधाची जोड देणे जास्त उपयोगी, पण ते डॉक्टरांनी ठरवावे. डोस बदलल्यावर पूर्ण परिणाम दिसायला ७-८ दिवस लागतात, तोवर बीपी रोज एकाच वेळी मोजून लिहून ठेवा. गोळी मनाने बंद करू नका. सूज एकाच पायाला असेल, पाय दुखत असेल किंवा धाप लागत असेल, तर कारण वेगळे असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.