चेंबर भरलेलं की रिकामं? प्रश्न होल्स्टरचाही आहे

परवाना मिळाला, पिस्तूल कमरेला लावून बाहेर पडता, पण चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) रिकामं. मित्र म्हणतात मग वागवतोस कशाला, बायको म्हणते भरलेलं असेल तर घरात आणू नकोस. तुमचं हे वाचून हसू आलं, कारण आमच्याकडेही हेच चालायचं.

मी भरलेलं ठेवतो. (प्रशिक्षक नाही, तुमच्याकडचा कायदा तुम्हीच तपासा.) रिकाम्या चेंबरवाले म्हणतात, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून काडतूस चेंबरमध्ये घ्यायला कितीसा वेळ लागतो? वेळ लागत नाही हो, दुसरा हात लागतो. तो हात पोराला मागे ढकलत असेल तर?

पण हे सगळ्या हत्यारांना लागू नाही. ग्लॉकसारख्या पिस्तुलात चाप दाबल्याशिवाय फायरिंग पिनचा (काडतुसाच्या बुडावर आदळणाऱ्या सुईचा) अडसर सुटत नाही. १९७३च्या आधीच्या रुगर सिंगल अ‍ॅक्शन (घोडा हाताने चढवायच्या) रिव्हॉल्वरमध्ये तशी सोय नाही, तिथे हॅमरखालचा (घोड्याखालचा) कप्पा रिकामाच हवा. आणि चाप पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) नसेल तर माझं वरचं मत विसरा. नुसतं खिशात किंवा मऊ कापडी पाऊचमध्ये भरलेलं पिस्तूल, अजिबात नाही. पिस्तूल रिकामं करून, दोनदा तपासून होल्स्टरमध्ये घाला आणि बाहेरून चापाच्या जागी दाबा. टिक् आवाज आला तर ते होल्स्टर कचऱ्यात.

मला खरा ताप झाला तो कामाच्या ठिकाणच्या सुरक्षा विभागाचा. आत जाताना पिस्तूल रिकामं करून लॉकरमध्ये, निघताना परत भरा. कुठे, तर दारामागच्या अरुंद बोळात, पाठीमागे रांग, चुकून गोळी सुटली तर ती अडावी म्हणून नळी रोखायला वाळूची पेटीसुद्धा नाही. होल्स्टरसकट लॉकरमध्ये ठेवू द्या, हाताळणी तरी वाचेल, असा अर्ज दिला. ‘नियमात बसत नाही.’ चूक होते ती भरताना, काढताना आणि होल्स्टरमध्ये खोचताना, आणि यांनी तेच रोज करायला लावलं!

त्यात रोज मॅगझिनमधलं तेच वरचं काडतूस चेंबरमध्ये आदळायचं. नव्या काडतुसाशेजारी उभं केलं तेव्हा दिसलं, गोळी केसमध्ये (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात) आत सरकून काडतूस आखूड झालेलं. असं काडतूस उडवलं तर दाब धोकादायक वाढतो, .४० एस अँड डब्ल्यू या प्रकारच्या काडतुसात तर जास्तच. तक्रार केली तर म्हणे पुरवठादाराला दाखवा. काय बोलणार!

तेव्हा वरचं काडतूस आलटून-पालटून वापरा, नव्याशी ताडून बघा, आखूड दिसलं की बाद. सुटं काडतूस चेंबरमध्ये टाकून वर स्लाइड सोडू नका, एक्स्ट्रॅक्टरची (काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) वाट लागते, मॅगझिनमधूनच भरा. खोचताना मान खाली घालून बघा, जॅकेटची दोरी चापात अडकते. घरी आल्यावर होल्स्टरसकट काढून तसंच कुलूपबंद तिजोरीत, घरात मुलं असोत नसोत.

चेंबर भरायची भीती वाटत असेल तर सध्या रिकामंच राहू द्या, मित्रांच्या टोमण्यांपायी भरू नका. पिस्तूल कुठलं आणि होल्स्टर कुठलं ते मात्र लिहा, त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.