‘तुझ्या जागी मी असतो तर’ हे वाक्य मी का सोडले

आपला प्रश्न असा आहे की, वय पस्तिशीकडे झुकले असताना घरी पत्नीकडून आणि कामावर हाताखालच्या माणसांकडून ‘तुम्हाला फक्त स्वतःचेच दिसते’ असे ऐकावे लागत असेल, तर दुसऱ्याच्या मनाची जाणीव शिकता येते का, की ती मुळातच असावी लागते. ती शिकता येते, असे मी अनुभवावरून सांगतो. मात्र ज्या वाटेने मी आधी गेलो ती चुकीची होती, म्हणून तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहितो.

मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर होतो. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या, मशीनवर काम करणारा एक तरुण ऑपरेटर आठवड्यातून तीन दिवस पहिल्या पाळीला, म्हणजे सकाळी सातला, वीस-पंचवीस मिनिटे उशिरा येऊ लागला. वडिलांचे डायलिसिस सुरू झाले आहे, एवढे त्याने सांगितले होते. त्यावर मी त्याला म्हणालो, “तुझ्या जागी मी असतो तर काहीतरी सोय लावली असती. माझेही वडील आजारी होते, पण मी एक दिवस उशिरा आलो नाही.” हे खोटे नव्हते. पण माझ्या वडिलांच्या आजारपणात आई, वहिनी आणि माझी पत्नी अशा तिघी जणी राबत होत्या, म्हणूनच मी सातच्या ठोक्याला हजर राहू शकत होतो, हे त्या वेळी माझ्या मनातही आले नाही.

त्याच वर्षी पत्नीच्या पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले. रुग्णालयात दाखल करताना नर्सने मला विचारले, “यांना कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का?” मी ठामपणे नाही म्हणालो. बाजूला पोट धरून बसलेली पत्नी म्हणाली, “सल्फाची आहे.” तेव्हा आमच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती. एकदा एका गोळीने तिच्या सर्वांगावर पुरळ उठले होते आणि ती दोन दिवस तापाने फणफणली होती. हे माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत घडले होते. पण त्या आठवड्याविषयी मला आठवत होते ते एवढेच, की तेव्हा आमच्याकडे ग्राहक कंपनीचे ऑडिट होते.

मला अतिशय वाईट वाटले, आणि आपण ज्याला बदल समजतो तो इथे सुरू झाला असे मला वाटले. पुढचे दोन आठवडे मी तिच्यापाशी सतत तेच बोलत राहिलो: मी कसा वागलो, मी किती चुकलो, तू मला माफ केलेस का. एका रात्री ती अगदी शांतपणे म्हणाली, “टाके माझ्या पोटाला पडलेत, आणि समजूत मी तुझी घालतेय.” आत्मकेंद्री माणसाचा पश्चात्तापसुद्धा स्वतःभोवतीच फिरू शकतो, हे मला त्या वाक्याने कळले. आपणही या टप्प्यावर असाल, तर माफी एकदाच, स्पष्ट शब्दांत मागावी आणि ती केव्हा द्यायची, द्यायची की नाही, हे समोरच्यावर सोडावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

‘स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा’ हा सल्ला आपल्याला लहानपणापासून मिळतो, पण माझ्यासारख्या माणसाला तो अपुरा पडतो, कारण त्या जागीही तो स्वतःलाच नेऊन बसवतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, अडचणीत सापडलेल्या तरुणीची मुलाखत ऐकताना काहींना ‘तिला काय वाटत असेल’ याची, तर काहींना ‘तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटले असते’ याची कल्पना करण्यास सांगितले होते. कणव दोन्ही गटांत जागी झाली, परंतु दुसऱ्या गटात तिच्याबरोबर स्वतःची अस्वस्थताही वाढली. माझे ते दोन आठवडे म्हणजे नेमकी ही अस्वस्थता होती. पुढे २०१८ मध्ये ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २५ प्रयोगांच्या आधारे दाखवले की, नुसती कल्पना केल्याने दुसऱ्याच्या मनातले अधिक अचूक ओळखता येत नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलून त्याच्याकडूनच जाणून घ्यावे लागते.

हे मला कारखान्यात पटले. पत्नीच्या प्रसंगानंतर मी मोठ्या उत्साहाने त्या ऑपरेटरला कायमची दुसरी पाळी देऊ केली आणि तो खूश होईल असे गृहीत धरले. त्याचा चेहरा उतरला. तेव्हा मी पहिल्यांदा विचारले, “तुला नेमके काय हवे आहे?” तो म्हणाला, “साहेब, रात्री वडिलांजवळ मीच असतो. मला फक्त अर्धा तास हवाय, तीन दिवस.” सकाळी सहाला वडिलांना डायलिसिस सेंटरवर सोडायचे, सुई लागेपर्यंत थांबायचे आणि तिथून निघायचे, एवढेच त्याला करायचे होते. चार तासांनी शेजारचे रिक्षावाले काका त्यांना घरी नेत असत. त्या तीन दिवशी सातला मशीनवर मी उभा राहू लागलो आणि फर्स्ट पीस, म्हणजे पाळीतला पहिला तयार भाग, काढून तपासून ठेवू लागलो. तो सुटीनंतर अर्धा तास थांबून ती वेळ भरून देई. यासाठी मला पाऊण तास लवकर यावे लागे, आणि पहिले काही आठवडे ते मला मनापासून जड गेले. तरीही ते केले, कारण मन आपोआप विरघळण्याची वाट पाहत बसलो असतो तर ते कधीच घडले नसते.

घरी हे अधिक अवघड होते, कारण मी अचानक प्रश्न विचारू लागलो तेव्हा पत्नीला ती चौकशी वाटली. ती शिक्षिका आहे. माझ्या पाळीतील प्रत्येक माणसाचे नाव तिला माहीत होते, आणि तिच्या वर्गात किती मुले आहेत हेही मला ठाऊक नव्हते. म्हणून मी दिवसाला एकच प्रश्न विचारायचा, उत्तरात स्वतःची गोष्ट घुसवायची नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे विचारायचे, असे ठरवले. तिने मोकळेपणाने बोलण्यास जवळजवळ वर्ष घेतले. मधल्या काळात आम्ही समुपदेशकाकडेही गेलो. तेही उपयोगी पडले.

आजही ‘तुझ्या जागी मी असतो तर’ माझ्या ओठांवर येते. गेल्या आठवड्यात ती शाळेतल्या एका मुलाविषयी सांगत असताना मी ते अर्धे उच्चारलेही. तिने हात वर केला, मी थांबलो, आणि त्या मुलाने तीन दिवस डबा का आणला नव्हता, ते तिने पुढे सांगितले.