लग्नात द्यायला रेझिन आणि लाकडाचे पेन घरी लेथवर बनवता येतील का? कोणता लेथ घ्यावा? अशा हाताने केलेल्या आहेराला लोक नावं ठेवतात का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ठेवतात. बाहेरचे नाही, घरचेच ठेवतात.

मी जळगावला एमआयडीसीत टर्नर आहे. दिवसा लोखंड, रात्री लाकूड. मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा आजोळी, एरंडोल तालुक्यात, खळ्यात आजोबांची बैलगाडी मोडून पडलेली होती. ट्रॅक्टर आल्यापासून तिला कुणी बैल जुंपले नव्हते. मामांनी चाकांच्या धावा भंगारात घातल्या आणि लाकूड चुलीसाठी रचून ठेवलं. त्या ढिगातून मी एक आरा उचलून आणला. बाभळीचा. वरून राखाडी पडलेला, किडीने भोकं पाडलेली, लांबीभर चीर. करवत लावली तर आत विटकरी लाल, घट्ट लाकूड. असं लाकूड दुकानात मिळत नाही. दुकानातलं बऱ्याचदा ओलं निघतं. हे वर्षानुवर्षं वाळलेलं. फक्त आधी लोहचुंबक फिरवून खिळे बघा, नाहीतर पटाशीची धार गेलीच.

चीर मी लपवली नाही. काळं इपॉक्सी रेझिन भरलं. भोकांत हवा असते, रेझिन तापलं की बुडबुडे होऊन वर येते, म्हणून आधी पातळ हात मारून भोकं बंद केली आणि तो हात चिकट असतानाच मुख्य ओत घातला. आणि हे सगळं मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये. तुम्ही खान्देशातले असाल तर ४५ अंश म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कालवलेलं रेझिन घट्ट होण्याआधी ओतायला डब्यावर ४० मिनिटं लिहिलेली असतात ती २५ अंशाला. दर दहा अंशांना वेळ साधारण निम्मी होते, म्हणजे आपल्याकडे दुपारी हातात दहाच मिनिटं. त्यात कप भरून कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडतं. म्हणून पहाटे ओतायचं, थोडं थोडं कालवायचं, आणि हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करायला त्यात कालवायचा दुसरा भाग, संथ घ्यायचा. माप वजनकाट्यावर, अंदाजाने नाही.

मग मध्ये ७ मिलिमीटरचं भोक, त्यात पितळी नळी. पारदर्शक रेझिन असेल तर नळी बाहेरून रंगवून घ्या, नाहीतर आतलं पितळ दिसतं. कातताना तुकडा ज्या सळईवर बसवतात तो मँड्रेल; त्याची नट फार आवळू नका, मँड्रेल वाकतो आणि पेन लंबगोल होतो. कातताना लाकडाचा भुगा उडतो, रेझिनची मात्र लांब रिबीन निघते आणि नगाभोवती गुंडाळत जाते. मशीन थांबवून काढायची, चालू मशीनवर बोटं घालायची नाहीत. शेवटी २००० नंबरच्या पेपरपर्यंत गेलो, मग पॉलिश. तांबूस लाकडातून ती काळी चीर अशी वळत गेली होती की मी स्वतः पेन हातात घेऊन बसलो होतो.

आता लग्न. मांडवात आहेराच्या वहीवर मामाच बसलेले. माइकवर पुकारा चालू: अमुक यांच्याकडून स्टीलची टाकी, तमुक यांच्याकडून पाचशे एक. मी डबी पुढे केली. "हाई काय शे?" मी सांगितलं, आजोबांच्या गाडीचा आरा आहे. त्यांनी डबी उघडली, बंद केली आणि वहीत लिहिलं: पेन, १ नग. माइकवर तेही पुकारलं नाही. त्यांच्याच बापाची गाडी! पाचशेची नोट दिली असती तर गावभर ऐकू गेलं असतं. नंतर मला म्हणाले, "एवढा खटाटोप कशाला, बाजारात शंभराला मिळतो."

मामांशी हा वाद आजही मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, आहेर हा व्यवहार आहे; उद्या परतफेड करताना वही उघडून बघायची असते, तेव्हा आकडा लागतो. वहीपुरतं ते खरं आहे. पण मग आहेर आणि भेट वेगळ्या ठेवा ना. म्हणून माझा सल्ला: वहीत पाकीट द्या, आणि पेन बहिणीच्या हातात द्या, मांडवाबाहेर, लाकूड कुठलं ते सांगून.

आणि लाकूड त्या घरचंच घ्या. चमकी आणि गुलाबाच्या पाकळ्या ओतून वर नाव चिकटवलेला ठोकळा म्हणजे भेट नव्हे. तो बाजारात शंभराला मिळतो, तिथे मामा बरोबर आहेत.

लेथचं विचारलंत. पेनापुरता बेंचवर बसणारा, लाकूड कातायचा छोटा लेथ पुरतो. वेग कमी-जास्त करता येणारा आणि एमटी-२ टेपरचा (उपकरणं बसवायच्या निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप) घ्या, म्हणजे मँड्रेल-ड्रिलचक सहज मिळतात. दोन-अडीच हजार आरपीएम मिळायला हवेत. वापरलेला घेत असाल तर हेडस्टॉक (फिरणारं डोकं) आणि टेलस्टॉक (समोरचा आधार) यांची टोकं एकमेकांसमोर आणून बघा, जुळली नाहीत तर पुढे जा. किंमत दुकानात विचारा, ती दर महिन्याला बदलते.

राहिलं ते: सुती रुमाल नव्हे, फिल्टरचा मास्क लावा, रेझिनची धूळ छातीत जाते. हातमोजे फक्त ओतताना, लेथवर कधीच नाही, आणि गळ्यातला गमछा काढून ठेवा. लाटणं, पोळपाट असलं काही करायचं असेल तर रेझिन नको, नुसतं लाकूड. आणि बहिणीला सांगून ठेवा की पेन उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नकोस, साधं इपॉक्सी तिथे मऊ पडतं.