पणजोबांची वही आणि तुमच्या पावत्या

प्रश्न : राजापूर तालुक्यातलं आमचं चौसोपी घर पणजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचं एकत्र. वाटप कधीच झालं नाही. पणजोबा मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होते. घराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी पाठवलेले २४० रुपये १८८७ च्या मोडी वहीत 'घरखाती जमा' आहेत. पुढे चिरे, तुळया, वासे, कौलं, गवंडी-सुतारांची मजुरी असा पै-पैचा हिशेब आहे. धाकट्या भावाने काही दिल्याची नोंद नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात मी छप्पर उतरवून नवं केलं (६,४०,००० रुपये), शिवाय दोन न्हाणीघरं आणि लाद्या केल्या (३,१०,००० रुपये). चुलतभाऊ पैसे देत नाहीत, उलट आपला अर्धा हिस्सा बाहेरच्याला विकू म्हणतात. दोन्ही खर्च धरून मला जास्त हिस्सा मिळेल का? मला एक बहीण आहे, तिचं लग्न झालेलं आहे.

उत्तर : वहीच्या पानांचे फोटो मी दोनदा पाहिले. मुंबईत राहून गावच्या घराचा एकेक वासा मोजणारा तो माणूस मला त्यात दिसला, आणि तुमची तळमळ कुठून आली तेही कळलं. तरीही स्पष्ट सांगतो : या वहीमुळे तुमचा हिस्सा एका पैशानेही वाढणार नाही.

कारण वहीतच आहे. पणजोबांचा पगार त्यांचा स्वतःचा होता, हे आपण धरून चालू. त्या काळी यावरही वाद होत असे. कुटुंबाच्या खर्चाने खास शिक्षण घेतलेल्याची कमाई कुटुंबाचीच, असं न्यायालयं मानत. १९२१ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, एका आयसीएस (ब्रिटिशकालीन सनदी सेवा) अधिकाऱ्याच्या कमाईबद्दल तसाच निकाल दिला. १९३० च्या कायद्याने ते बदललं आणि विद्येच्या जोरावर केलेली आधीची कमाईही कमावणाऱ्याची स्वतंत्र मिळकत ठरली. पण पणजोबांनी ते पैसे भावाच्या नावे कर्जाऊ लिहिले नाहीत, स्वतःचं येणं म्हणूनही ठेवले नाहीत. 'घरखाती जमा' लिहून त्यांनी ते समाईक घराला दिले. घर आधीपासून दोघांचं होतं, दुरुस्तीनंतरही दोघांचंच राहिलं. एकत्र कुटुंबात वाटप होतं ते त्या वेळी जे शिल्लक असेल त्याचं. कोणत्या पिढीत कोणी जास्त घातलं, हा जुना जमाखर्च अफरातफरीचा आरोप असल्याशिवाय उघडला जात नाही.

मात्र वही जपून ठेवा. उद्या चुलतभावांनी घर आमच्या एकट्याचं आहे असा पवित्रा घेतला, तर ते समाईक होतं हे दाखवणारा इतका जुना कागद दुसरा नसेल. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर तो खरा असल्याचं न्यायालय गृहीत धरू शकतं. म्हणून मूळ वही बाइंडिंगला देऊ नका, पानं सुटी करू नका. मोडी जाणणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा ही फक्त कर आकारणीची नोंद आहे, तिच्याने मालकी सिद्ध होत नाही.

आता तुमचा स्वतःचा खर्च. इथे तुमची बाजू चांगली आहे, पण सगळ्या रकमेसाठी नाही. कोकणातल्या पावसात गळकं छप्पर तसंच ठेवलं असतं तर वासे कुजले असते, मागोमाग भिंती गेल्या असत्या. घर वाचवण्यासाठी केलेला असा आवश्यक खर्च सहहिस्सेदारांकडून त्यांच्या हिश्शाप्रमाणे मागता येतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७० इथे उपयोगी पडतं : काम कायदेशीर हवं, फुकट करण्याचा हेतू नसावा आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतलेला असावा. गणपतीत चुलतभाऊ सहकुटुंब त्याच छपराखाली राहतात, हा लाभच आहे. छपराचं काम सुरू करण्याआधी तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकाला चुलतभावांकडून 'कर तू, नंतर बघू' असं उत्तर आलं होतं. तो मेसेज पुसू नका. फुकट करण्याचा तुमचा हेतू नव्हता हे त्यावरून दाखवता येईल. त्यांच्या शाखेचा अर्धा वाटा म्हणजे ३,२०,००० रुपये होतो.

न्हाणीघरं आणि लाद्यांचं तसं नाही. त्या सुधारणा आहेत आणि संमती न घेता केलेल्या आहेत. त्यांचे पैसे रोख परत मिळतील अशी आशा धरू नका. वाटपाच्या दाव्यात, शक्य असेल तर, तुम्ही सुधारलेला भाग तुमच्याच वाट्याला द्यावा असा न्यायालयाचा कल असतो.

पैशांच्या मागणीची मुदत तीन वर्षांची आहे, आणि ती रक्कम दिल्याच्या तारखेपासून मोजली जाते. सुताराला पहिला हप्ता कधी दिला, ती तारीख शोधा आणि तिच्यापासून तीन वर्षांच्या आत नोटीस व दावा उरका. पुढे वाटपाचा दावा लावू तेव्हा मागू, असं म्हणत थांबू नका.

विक्रीच्या धमकीने घाबरू नका. अविभक्त हिस्सा मोबदला घेऊन विकता येतो, मुंबई इलाख्यात हा नियम जुनाच आहे. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे परक्या खरेदीदाराला एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ नुसार न्यायालय ठरवेल त्या किमतीला त्याचा हिस्सा तुम्ही विकत घेऊ शकता. हे दोन्ही कायदे तुमच्या घराच्याच काळातले आहेत आणि राहतं घर परक्याच्या हाती जाऊ नये, याच काळजीतून ही कलमं आली.

राहिली बहीण. लग्न झालं म्हणून तिचा हक्क गेलेला नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतका हक्क दिला आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तुमच्या शाखेत तुम्ही दोघंच असाल, तर घराचा चौथा हिस्सा तुमचा आणि चौथा तिचा. चुलतभावांशी तडजोडीचा कागद करायचा झाला तरी तिच्या सहीशिवाय तो टिकणार नाही. म्हणून चुलतभावांना नोटीस पाठवण्याआधी बहिणीकडे जा, वही आणि पावत्या दोन्ही तिच्यासमोर ठेवा आणि तिचं म्हणणं ऐकून मग माझ्याकडे या.