पॅटी लाबेलने डायना रॉससारखाच ग्रुप सोडून सोलो करिअर केलं का?

नाही. या दोघी अमेरिकन गायिकांची नावं कायम एकत्र घेतली जातात, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. डायना रॉस १९७० मध्ये सुप्रीम्स या गायिकांच्या ग्रुपमधून बाहेर पडली ती ठरवून, आणि मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी पूर्ण ताकदीने तिच्या पाठीशी होती. पॅटीचं तसं नव्हतं. तिचा ग्रुपच फुटला आणि एकटीने गाण्यावाचून तिला गत्यंतर उरलं नाही.

फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये तिचा आवाज तयार झाला. साठच्या दशकात नोना हेंड्रिक्स, सारा डॅश आणि सिंडी बर्डसाँग यांच्याबरोबर ती ब्लूबेल्समध्ये गात होती. १९६७ मध्ये सिंडी थेट सुप्रीम्समध्ये गेली. उरलेल्या तिघींनी चौथी कोणी शोधली नाही. व्हिकी विकम ही ब्रिटिश मॅनेजर आली, ग्रुपचं नाव नुसतं 'लाबेल' झालं, आणि एकसारखे गाउन जाऊन अंतराळवीरांसारखे चंदेरी पोशाख आले. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा प्रेक्षकांनाही काहीतरी चंदेरी घालून यायला सांगितलं होतं! पुढच्याच वर्षी त्यांचं 'लेडी मार्मलेड' हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं.

आणि १९७६ संपता संपता सगळं मोडलं. कोणत्या तऱ्हेची गाणी करायची, यावर तिघींचं जमेना.

यानंतरची वर्षं लोक पटकन ओलांडून पुढे जातात, ते मला फार खटकतं. १९७७ ते १९८० मध्ये एपिक या रेकॉर्ड कंपनीने पॅटीचे एकटीचे चार अल्बम काढले. एकही फार चालला नाही. पण पहिल्याच अल्बममधलं 'यू आर माय फ्रेंड' जरूर ऐका. नवरा आर्मस्टेड एडवर्ड्स आणि संगीतकार बड एलिसन यांच्याबरोबर तिनेच ते लिहिलं. सुरुवातीला ती जवळजवळ बोलल्यासारखी गाते, शेवटाकडे आवाज असा चढतो की चर्चमधली ती मुलगी समोर उभी राहते. चार्टवर गाणं मागेच राहिलं, तिच्या मैफलींत मात्र कायमचं बसलं. रेकॉर्ड खपत नसताना तिला या मैफलींनीच तारलं, असं मला ठामपणे वाटतं.

फळ आलं ते फिलाडेल्फिया इंटरनॅशनल या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावर. १९८४ च्या सुरुवातीला 'इफ ओन्ली यू न्यू' आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) चार्टवर पहिलं आलं. मग १९८६ मध्ये गायक मायकेल मॅकडोनल्डबरोबरचं 'ऑन माय ओन'. दोघांनी आपापला भाग वेगवेगळ्या शहरांत गाऊन रेकॉर्ड केला होता! ते गाणंही पहिलं, 'विनर इन यू' हा अल्बमही पहिला. म्हणजे ग्रुप फुटल्यावर दहा वर्षांनी.

सारा आणि नोनाशी तिचं नातं मात्र तुटलं नाही. २००८ मध्ये तिघींनी मिळून 'बॅक टू नाऊ' नावाचा अल्बम केला, तोही ऐकून बघा.