लिंकनच्या कुऱ्हाडीला धार का नाही?

प्रश्न : ‘अब्राहम लिंकन : व्हॅम्पायर हंटर’ (२०१२) पाहिला. राष्ट्राध्यक्ष कुऱ्हाडीनं रक्तपिपासू मारतो, तरी कंटाळा का येतो? निफाडजवळच्या द्राक्षबागेत आम्ही मित्र अशीच पंधरा मिनिटांची फिल्म करतोय. कुठे जपावं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : कल्पना भन्नाट आहे, म्हणून तर जीव हळहळतो. लिंकन स्वतः गंभीर आहे, ते योग्यच. पण सोबत रंग, संगीत, कॅमेरा सगळेच चरित्रपटाचा आव आणतात. लिंकनची आई १८१८ मध्ये दूषित दुधामुळे गेली. चित्रपट त्याचं खापर रक्तपिपासूवर फोडतो. इथवर चालून जातं. पुढे मात्र गुलामगिरीच रक्तपिपासूंच्या पोटापाण्याची सोय ठरते. माणसांनी केलेलं पाप भुतांच्या माथी मारलं की दुःखाचं वजन जातं आणि गंमतही येत नाही. आमच्या मते चित्रपट पडतो तो इथेच. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईसाठी भांडीकुंडी वितळवून रक्तपिपासूंना मारायला चांदीची शस्त्रं करतात, तो भाग खरा रंगायचा. आपला चमचा देताना कुणाचा जीव वरखाली होतो, एवढं दाखवलं असतं तरी पुरे होतं.

‘झपाटलेला’ (१९९३) आठवा. बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचूला, आपली खरी ओळख ज्याला आधी सांगितली त्याच्याच शरीरात शिरायचंय आणि त्याचं मरण भ्रूमध्यात आहे. नियम दोनच, तेही वेळेवर कळतात. लक्ष्या मनापासून घाबरतो, त्याचं कुणी ऐकत नाही; भीती आणि हसू दोन्ही तिथूनच येतं. तुमचे नियमही पहिल्या तीन मिनिटांत सांगून टाका.

आता बाग. मांडवाच्या तारा डोक्याच्या थोड्याच वर असतात, त्यामुळे कुऱ्हाड डोक्यावरून फिरवता येणार नाही. तारेत अडकून घड गळतील. घाव आडवे, कमरेच्या उंचीवर बसवा किंवा मारामारी बांधावर घ्या. कुऱ्हाडीचा दांडा लाकडी, पातं फोमचं ठेवा. हलकं पातं छडीसारखं भरकन फिरतं आणि खोटेपणा उघडा पडतो, म्हणून नटाला घाव थोडा सावकाश घालायला सांगा. पातं अंगाला लागायच्या आधी कट करा. आवाज कोबीचा गड्डा चिरून मिळतो.

स्लो मोशन फार तर दोनदा. लिंकनच्या चित्रपटात ते इतकं आहे की कुठलाच घाव महत्त्वाचा वाटत नाही. रात्री ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, स्लो मोशनला ५० फ्रेम आणि १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. शटर याच्याशी जुळलं नाही तर चित्र लुकलुकतं.

प्रश्न : नकली रक्त गुलाबी दिसतं, शिवाय गुठळ्या होतात.
– एक वाचक, सिडको

उत्तर : बेकरीचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज आणा. २०० मिली ग्लुकोज, ४० मिली कोमट पाणी, चमचाभर खाण्याचा पातळ लाल रंग, चमचाभर कोको. कोको आधी पाण्यात कालवा, गुठळ्या तिथेच मोडतात. मग निळ्या रंगाचा एकच थेंब; गुलाबी छटा त्यानं जाते. डिसेंबरच्या पहाटे मिश्रण घट्ट होतं, बाटली गरम पाण्यात उभी ठेवा. डाग पक्के बसतात, तेव्हा जुनेच कपडे वापरा. वेलींवर सांडू देऊ नका, मुंग्या लागतील.